मूठभर कूट

शाळेची व्हॅन सव्वापाचला गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि सहाला शिकवणी. मधला पाऊण तास माझा. तेवढ्यात दप्तरं फेकायची, हातपाय धुवायचे, एकमेकांच्या झिंज्या ओढायच्या आणि पोटभर खायचं, असा पोरांचा कार्यक्रम असतो. दारातूनच पुकारा येतो, "आई, खायला काय?" बिस्किटाचा पुडा पुढं टाकून मोकळ्या होणाऱ्यांतली मी नाही. नांदेडच्या आमच्या या कॉलनीत दहा मिनिटांत होणाऱ्या खाण्यासाठी माझं नाव आहे, अशी निदान माझी समजूत होती, आणि ती मी कुणालाही मोडू दिली नव्हती.

शिळ्या भाकरीचे कुटके फोडणीला टाकायचे. पोळी कुस्करून तिला तेल-तिखट लावायचं. चुरमुऱ्यांची सुशीला करायची. काहीच नसेल तर काकडी चिरून वर मीठ-साखर. आणि या सगळ्यांवर शेवटी मूठभर कूट.

सासरचं शेत मुखेडकडं आहे. उन्हाळी भुईमुगाच्या शेंगांची दोन पोती दरसाल घरात येऊन पडतात. रविवारी परातभर शेंगदाणे भाजायचे, सालं पाखडायची, मिक्सरमधून जाडसर काढून स्टीलच्या डब्यात भरून ठेवायचे, हे माझं लग्न झाल्यापासूनचं काम. भाजी पातळ झाली, घाला कूट. तिखट झाली, घाला कूट. ऐनवेळी पाहुणा वाढला, तरी कूटच. कुणी विचारलं की भाजीत काय काय घातलं, तर आम्ही कांदा सांगू, लसूण सांगू, काळा मसाला सांगू. कूट कुणी सांगत नाही. भाजीत पाणी घातलं हे कुणी सांगतं का?

गेल्या उन्हाळ्यात धाकटे दीर आणि जाऊ पुण्याहून आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. दिरांची नोकरी हैदराबादला, ते महिन्यातून दोनदा येतात. जाऊ रेणापूरची. तिला मुदखेडला एका कचेरीत नोकरी लागली होती आणि ती सातच्या आत काही घरी पोचत नाही. त्यांना एकच मुलगी, सात वर्षांची, दुसरीत. तेव्हा शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत पोरगी माझ्याकडं, हे न विचारताच ठरलं. माझा थोरला सातवीत, धाकटी चौथीत. दोन होती तिथं तीन झाली.

सामान लागायच्या आधीच जाऊ खाली आली आणि माझ्या ओट्याशी उभी राहिली.

"ताई, एक सांगायचं होतं. हिला शेंगदाणा अजिबात चालत न्हाई. जिवावर बेततं."

"शेंगदाणा?" मी हसलेच. "मग उपवासाला काय खाईल ही पुढं?"

"उपवास न्हाई केला तरी चालंल, ताई."

तिनं डॉक्टरांचा कागद आणला होता. तो तिनं स्वतःच माझ्या फ्रिजला चिकटवला. शेंगदाणा पोटात गेला तर वाट बघू नका, सरळ दवाखाना, असं त्यावर लाल पेनानं लिहिलेलं. फ्रिजवर एक सिरपची बाटली ठेवली. पोरीला धुळीनंही अंगावर पित्त उठायचं, त्यासाठी ते सिरप होतं.

मला राग आला, हे कबूल करते. घरात पोत्यानं शेंगा येतात आणि आमच्याच घरच्या पोरीला शेंगदाणा चालत नाही, हे मला पुण्याचे चोचले वाटले. एका रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. दीर आले होते, माझा नवरा होता, आणि जाऊ पोरीच्या ताटातली प्रत्येक वाटी आधी स्वतः निरखत होती. माझ्या तोंडून गेलं, "एखादा दाणा चारून तर बघू दे. मरती का काय पोरगी? सवयीनं सगळं पचतं." पुरुष हसले. जाऊ हसली नाही. पोरीचं ताट उचलून ती वर निघून गेली.

मी बोलून जाते. मनात तसं काही नसतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे.

पण बोलले तरी नेम पाळला. कुटाचा डबा वरच्या फळीवर गेला. पोरीसाठी वेगळी कढई, वेगळा झारा. संध्याकाळच्या खाण्यातून मी शेंगदाणा पार काढून टाकला, आणि तेव्हा मला कळलं की माझ्या त्या नावाजलेल्या दहा मिनिटांत निम्मं काम कूटच करत होता. कुटके कोरडे लागायला लागले. कोशिंबिरीला पाणी सुटायचं. मग फुटाण्याच्या डाळ्या दळून त्यांचं पीठ वापरू लागले, तिळाची चटणी केली, ज्वारीच्या लाह्यांना तूप-मेतकूट लावून दिलं. माझी पोरं नाकं मुरडायची. पुतणी मात्र ताटली चाटूनपुसून खायची आणि म्हणायची, "मोठीआई, लई भारी झालंय." त्या पोरीनं मला जिंकलं होतं, तिच्या आईशी माझं कितीही वाकडं असलं तरी.

असे महिने गेले. थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट.

नवरा सकाळीच मुखेडला शेताकडं गेला होता. डब्याला भरली वांगी केली होती, म्हणून कुटाचा डबा फळीवरून ओट्यावर उतरला आणि परत वर ठेवायचा राहिला. पुढचं सगळं त्या राहिलेल्या कामातून झालं, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. ते खरं नाही. डबा वर असता तरी माझा हात वर गेला असता.

सुशीला करायला घेतली. आमच्याकडचं सगळ्यात झटपट खाणं. चुरमुरे पाण्यात बुडवायचे, लगेच पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून डाळ्याचं पीठ आणि लिंबू. फोडणी करताना सवयीनं माझा हात शेंगदाण्याच्या बरणीकडं गेला. तो मी मागं घेतला आणि स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात गॅस फुरफुरला आणि गेला. सिलेंडर बदलेपर्यंत बाहेर माझी दोघं टीव्हीच्या रिमोटवरून हातघाईवर आली होती. "आई, साडेपाच झाले!" थोरला ओरडत होता. मी तिथूनच त्याला दोन शिव्या हासडल्या. या सगळ्यात चुरमुरे पाण्यात जास्त राहिले. कढईत पडले तेव्हा त्यांचा गिच्च गोळा झाला होता. डाळ्याचं पीठ घातलं तरी ओलं ते ओलंच. ओलं दिसलं की आमच्या हाताला एकच उपाय ठाऊक असतो.

तिघांना ताटल्या भरून दिल्या.

चार-पाच घास झाले असतील. पुतणी म्हणाली, "मोठीआई, जीभ खाजवायली."

"तिखट लागलं असंल. पाणी पी."

पाणी प्यायली आणि पुन्हा खाजवायला लागली. मी बघितलं तर वरचा ओठ एका बाजूनं जाड झालेला. गळ्यावर लाल गांधी उठत होत्या, माझ्या डोळ्यांदेखत, एकीला लागून दुसरी. मी जावेला फोन लावला. ती मुदखेडला बसची वाट बघत उभी होती.

"शेंगदाणा गेला का पोटात? ताई, खरं सांगा."

"न्हाई गं. शपथ घेऊन सांगते. फोडणीतसुद्धा टाकला न्हाई."

"नक्की?"

"मी स्वतः केलंय, मला ठाऊक न्हाई का?"

"मग धुळीचं असंल. सिरप द्या, एक चमचा. मी निघालेच."

मी खोटं बोलत नव्हते. हे मला आजही कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटतं. फोडणीत शेंगदाणे टाकले नाहीत, याचा मला इतका अभिमान होता की त्यापलीकडं मला काही आठवतच नव्हतं. मी सिरप दिलं. पोरीला पलंगावर बसवलं, ओल्या फडक्यानं मान पुसली आणि गुण यायची वाट बघत राहिले. कागदावर लाल पेनानं लिहिलं होतं की वाट बघू नका. पण तो कागद शेंगदाण्यासाठी होता, आणि शेंगदाणा तर मी दिलाच नव्हता.

दहा मिनिटं गेली असतील. पोरीला खोकला लागला. कोरडा, लागोपाठ. "मोठीआई" म्हणाली ते घोगरं, मोठ्या माणसासारखं आलं. माझी धाकटी दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, तू शेवटी मूठ टाकलीस ना."

"कसली मूठ?"

"कुटाची."

"गप बस!" मी तिच्या अंगावर ओरडले. "काहीबी बोलू नको. थोबाड फोडीन."

ती रडायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले. डब्याचं झाकण ओट्यावर पालथं पडलं होतं. कुटात चार बोटांचा खड्डा होता.

मी पळत पलंगाकडं गेले. पोरीला उचललं. थोरला अनवाणीच नाक्यावर रिक्षाला पळाला. धाकटीला शेजारणीच्या दारात उभं केलं आणि रिक्षात बसले. सात वर्षांची पोर एरवी मला उचलवत नाही. त्या दिवशी तिचं ओझं लागलं नाही, फक्त तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता तो माझ्या कानाशी होता. रस्त्यात कुणाची तरी वरात आडवी आली. रिक्षावाल्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. मी त्या वरातीतल्या बायकांना मनातून नको नको ते बोलले.

फोन वाजला. जाऊ.

"आता कसंय? उतरल्या का गांधी?"

"दवाखान्यात चाललोय."

"काहून? सिरप दिलं ना? ताई, काय झालं?"

"खोकला लागला जरा. तू ये."

"शेंगदाणा तर न्हाई ना?"

रिक्षा खड्ड्यातून गेली. मी म्हणाले, "आवाज येत न्हाई गं," आणि फोन कापला. आवाज नीट येत होता. माझं पहिलं खोटं हे. ती बसमध्ये घाबरी होईल म्हणून बोलले, असं मला म्हणता येईल. पण मी माझ्यासाठी बोलले. त्या रविवारच्या पंगतीतलं माझं वाक्य मला आठवलं होतं, आणि ते तिलाही आठवेल हे मला कळत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "काय खाल्लं?"

"सुशीला."

"शेंगदाणा होता?"

"कूट होता. मूठभर. तिच्या ताटात चमचा-दीड चमचा आला असंल. सव्वा-दीड तास... न्हाई, अर्धा तास झाला." माझी जीभ अडखळत होती. "मीच घातला. चुकून."

त्या 'चुकून'कडं त्यांनी लक्ष दिलं नाही. मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडाला मास्क लावला, एका नर्सला काही सांगितलं, दुसरीला हाक मारली. मला बाहेर काढलं. दाराला काच होती. त्यातून पोरीचे दोन पाय दिसत होते, एका पायात शाळेचा मोजा आणि दुसरा पाय उघडा. मी त्या उघड्या पायाकडं बघत उभी होते. देवाला काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते, कारण त्यातलं निम्मं पोरीसाठी होतं आणि निम्मं माझ्यासाठी. पोरगी जगू दे, असं म्हणत होते. आणि माझ्या हातून मेली असं होऊ देऊ नको, असंही.

तो पाय हलला. मग दुसरा हलला. पोरगी रडायला लागली, चांगली मोठ्यानं, तिच्या नेहमीच्या आवाजात. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "रडू द्या. रडणं चांगलंय."

जाऊ आली तेव्हा डॉक्टरीणबाई दारातच होत्या. पर्स कुठंतरी अडकून तिचा बंद तुटला होता, ती तशीच छातीशी धरून ती पळत आली होती. बाई तिला म्हणाल्या, "आता धोका नाही. पण उद्यापर्यंत इथंच ठेवू, पुन्हा त्रास होऊ शकतो. शेंगदाणा बराच गेला होता पोटात."

जाऊ आत गेली नाही. ती माझ्याकडं वळली.

"तुम्ही तर शपथ घेतली होती."

"कूट पडला. मला कळलंच न्हाई."

"कूट पडत न्हाई, ताई. घालावा लागतो."

मी दाराच्या काचेतून आत बघायला लागले.

"मुद्दाम?" तिनं विचारलं.

आवाज चढला नव्हता. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या तर मी सहन केलं असतं, उलट दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. तिनं तेवढा एकच शब्द टाकला. न्हाई म्हणाले. पण दाणा चारून बघू दे, असं चारचौघांत म्हणणारीच्या 'न्हाई'ला कोण किंमत देईल? मला स्वतःलाही क्षणभर वाटून गेलं, की कुठंतरी आत मला बघायचं तर नव्हतं ना, खरंच काही होतं का ते. तसं नव्हतं. नसावं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. माझ्या दारावरून जाताना तिनं हात हलवला, आईनं तो हात खाली घेतला.

त्या दिवसापासून माझ्या घरात कूट नाही. डबा, बरणी, उरलेली शेंगांची पोती, सगळं मी नवऱ्याबरोबर गावाकडं पाठवून दिलं. मिक्सरचं भांडं नवं आणलं. नवरा जेवताना म्हणायचा, "भाजीला चवच न्हाई." मी म्हणायचे, "मग मुखेडला जाऊन जेव." भाजी ओलसर झाली की माझा हात अजूनही वरच्या फळीकडं जातो, जिथं आता काहीच नाही. दर वेळी दचकते. धाकटीला मी त्या दिवसाबद्दल सॉरी म्हणाले. आईनं सॉरी म्हटलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं, ती बावरली आणि शिकवणीला पळून गेली.

जावेनं तीन आठवडे रजा काढली. रोज सव्वापाचला व्हॅन थांबायची, तिघं उतरायची, दोन माझ्याकडं यायची आणि तिसरी जिना चढून वर जायची. तिच्या चपलांचा आवाज मी मोजायचे. अठरा पायऱ्या आहेत. वरून दार लागल्याचा आवाज आला की मी गॅस पेटवायचे.

एका रविवारी जाऊ खाली आली. पोरगी बरोबर होती. जाऊ सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि एकेक डबा उघडून बघायला लागली. डाळी बघितल्या, मसाले बघितले, तिळाची चटणी बोटावर घेऊन हुंगली. फ्रिज उघडला. ओट्याखालचे पोळ्यांचे डबेसुद्धा सोडले नाहीत. माझ्या घरात येऊन माझे डबे कुणी असे धुंडाळले असते तर मी त्याला पायरी दाखवली असती. त्या दिवशी मी झाकणं काढून काढून तिच्या हातात देत होते.

"रजा संपली," ती म्हणाली. "उद्यापासून जावं लागतंय. इथं मला दुसरं कुणी न्हाई."

"पाठव ना. मी हाय की."

"ताई, चुकतं माणूस. चुकलं ते मी गिळलं. पण रिक्षात फोन कापलात तुम्ही. ते न्हाई गिळलं अजून." तिनं शेवटचं झाकण लावलं. "पुढं काही झालं तर मला आधी सांगायचं. आधी मला. मग तुमच्या मनात काय असंल ते."

"हाव," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते मी तिच्यासमोर येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी व्हॅन आली. मी सकाळपासून ठरवलं होतं, आज केळं द्यायचं, सोलून, पुढं ठेवायचं, भानगड नको. पण माझी दोघं ओरडली, "सुशीला!" आणि पुतणीही त्यांच्या मागून म्हणाली, "सुशीला." म्हणून केली. चुरमुरे मोजून दहा आकडे म्हणेपर्यंत भिजवले. प्रत्येक जिन्नस घालताना मोठ्यानं नाव घेतलं: तेल, मोहरी, कांदा, मिरची, हळद. धाकटीला शेजारी उभी करून माझ्या हातांवर लक्ष ठेवायला सांगितलं. घामानं माझी पाठ भिजली होती.

तीन ताटल्या मांडल्या. माझी पोरं तुटून पडली. पुतणीनं ताटलीला हात लावला नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"मोठीआई, तू आधी खा."

मी तिच्या ताटलीतला एक घास घेतला. मला शेंगदाण्यानं काही होत नाही. पोतंभर खाल्ला तरी होणार नाही. माझ्या खाण्यावरून तिला काही म्हणजे काही कळणार नव्हतं, आणि हे तिला समजावून कसं सांगायचं ते मला सुचेना.

ती गुडघ्यांवर बसली, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि माझे ओठ निरखत राहिली, आधी वरचा, मग खालचा, तिची आई तिचे निरखते तसे.

"सुजले न्हाईत," ती म्हणाली, आणि ताटली पुढं ओढून खायला लागली.